ओळख ना पाळख

टुंग-टुंग-टुंग.

विंडोजवर काम केलेल्या प्रत्येकाला हा आवाज माहीत असतो. आपण पोर्टात काहीतरी खुपसतो, क्षणभर आशा वाटते, आणि खाली उजव्या कोपऱ्यात तो फुगा वर येतो: 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड'. मराठीत सांगायचं तर, 'हे कोण बुवा? मी नाही ओळखत.' लग्नाच्या हॉलमध्ये समोरून येणारे लांबचे मामा जसे ओळख न दाखवता पुढे जातात ना, अगदी तस्सं.

हा फुगा मी आजवर शेकडो वेळा बघितला असेल. पण तो बघून पोटात गोळा आला, तो गेल्या मे महिन्यात पहिल्यांदाच.

झालं असं. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी टाकून मी साताऱ्याला घरी गेलो होतो. बाबांचं तिथे डीटीपीचं छोटं दुकान आहे, १९९८ पासून. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं. त्यांचं मराठी टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीच्या जमान्यातलं, आणि ते चालतं एका डोंगलवर. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: डोंगल म्हणजे बोटाच्या पेराएवढी यूएसबीची किल्ली. (धंद्यात मात्र सगळे तिला 'लॉक' म्हणतात. का ते विचारू नका.) ती लावलेली असेल तर सॉफ्टवेअर उघडतं, नसेल तर नाही. आणि सॉफ्टवेअर उघडलं नाही तर वीस वर्षांच्या फाइल्स नुसत्या जागा अडवून बसतात. दुसरीकडे कुठे उघडल्या तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

शुक्रवारी रात्री साडेनऊला बाबांचा दुकानातून फोन. "अरे, लॉक ओळखत नाहीये. पाचशे पत्रिकांचं मॅटर सकाळी नऊला प्रेसवर द्यायचंय. तू एवढा कॉम्प्युटर इंजिनिअर, बघ की जरा येऊन."

गेलो. आणि कुठलाही सॉफ्टवेअरवाला करेल तेच केलं. डिव्हाइस मॅनेजर उघडला. तिथे पिवळा त्रिकोण लावून एक 'अननोन डिव्हाइस' बसलं होतं. अनइन्स्टॉल केलं, रिस्टार्ट केलं. टुंग-टुंग-टुंग. ड्रायव्हर काढला, परत टाकला. टुंग-टुंग-टुंग. व्हायरस स्कॅन केला. डोंगल फुंकर मारून लावलं. (लहानपणी गेमच्या कॅसेटला मारायचो तशी. हसू नका, तुम्हीही मारता.) साडेअकरा वाजले. बाबा काही बोलत नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. शेवटी एवढंच म्हणाले, "लॉक गेलं असेल तर मग सगळंच गेलं रे."

त्या डोंगलचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या रात्री मला एक गोष्ट लख्ख कळली. चार वर्षं इंजिनिअरिंग आणि वर पाच-सहा वर्षं नोकरी करूनही कॉम्प्युटर 'ओळखतो' म्हणजे नेमकं काय करतो, हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. नंतरचे दोन-तीन वीकेंड मी तेच वाचत बसलो. त्यात जे सापडलं त्याचा हा गोषवारा.

ओळखायचं काम आधी कुणाचं होतं?

माणसाचं.

बाबांचा १९९८ चा पहिला पीसी मला अंधुक आठवतो, कारण तो बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. त्याच्या पाठीमागे आठवडी बाजार भरलेला असायचा. कीबोर्डचं भोक वेगळं, माउससाठी नऊ पिनांचं सीरियल पोर्ट, प्रिंटरसाठी पंचवीस भोकांचं पॅरलल पोर्ट. काही मशीनांवर १९८७ साली आयबीएमने आणलेली पीएस/२ ची गोल भोकं. एकाची पिन दुसऱ्यात जायची नाही, आणि बहुतेक गोष्टी मशीन चालू असताना लावायच्याही नाहीत. लावा, स्क्रू पिळा, मग मशीन चालू करा.

गंमत म्हणजे बाबांचं पहिलं डोंगलही पॅरलल पोर्टवालं होतं. कॉम्प्युटरच्या पोर्टाला डोंगल, डोंगलच्या पाठीला प्रिंटरची केबल, अशी आगगाडी. बाबा सांगतात, प्रिंटर बंद असला की कधी कधी डोंगलही सापडायचं नाही, म्हणून पत्रिका नुसती वाचून बघायची असली तरी आधी प्रिंटर चालू करायचा!

आणि आतला प्रकार तर याहून वाईट. पीसीत एखाद्या उपकरणाला प्रोसेसरचं लक्ष वेधायचं असेल तर त्याला एक इंटरप्ट लाइन लागायची, म्हणजे आयआरक्यू. या लाइनी मोजक्या, आणि कुणाला कुठली द्यायची हे बऱ्याचदा माणसाने कार्डावरचे बारके जंपर हलवून ठरवायचं. परंपरेने कॉम-१ आणि कॉम-३ दोघंही आयआरक्यू ४ वर, कॉम-२ आणि कॉम-४ दोघंही ३ वर, पहिलं प्रिंटर पोर्ट ७ वर. माउस कॉम-१ वर आणि मोडेम कॉम-३ वर लावला की मोडेमने डायल करायला घेतलं आणि माउस गोठला, हा त्या काळातला नेहमीचा अनुभव. आपल्याकडे सोसायटीत एकाच नळावर दोन बिऱ्हाडं असली की जे होतं, ते.

थोडक्यात, कॉम्प्युटर तेव्हा कुणालाच ओळखत नव्हता. 'कॉम-१ वर माउस बसलाय' हे माणूस त्याला सांगायचा, आणि तो विश्वास ठेवायचा. चूक झालीच तर ती माणसाची.

सात कंपन्या आणि एक बडोदेकर

१९९४ साली सात कंपन्यांनी मिळून हा बाजार उठवायचं ठरवलं: कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल. (यातल्या डीईसीला १९९८ मध्ये कॉम्पॅकने गिळलं, कॉम्पॅकला २००२ मध्ये एचपीने, आणि नॉर्टेलने २००९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पोर्ट मात्र आहे.)

इंटेलच्या बाजूने या कामात पुढे होते अजय भट्ट. हे १९९० साली इंटेलमध्ये लागले. त्यांची पदवी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची. हे वाचल्यावर मला उगाचच भरून आलं. त्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग विद्याशाखेचं मूळ म्हणजे १८९० साली सयाजीरावांनी सुरू केलेलं कलाभवन. आणि सयाजीराव म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून दत्तक गेलेला मुलगा. आता यावरून 'यूएसबी मराठी माणसाने लावला' असा फॉरवर्ड कृपया बनवू नका! भट्ट गुजराती, काम अमेरिकेत झालं, आणि ते एकट्याचं नाही तर मोठ्या चमूचं होतं. पण बी कुठे कुठे पडतं आणि कुठे उगवतं, एवढं मनाशी नोंदवून ठेवायला हरकत नाही.

भट्ट यांनी मुलाखतींतून सांगितलंय की या विचाराचं मूळ घरातच होतं. घरच्यांना साधा प्रिंटर जोडायचा तरी किती खटाटोप करावा लागतो, ते बघून त्यांना वाटलं की हे भिंतीतल्या प्लगइतकं सोपं असायला हवं. इंटेलमध्येही सुरुवातीला फार कुणी मनावर घेतलं नव्हतं म्हणे.

मग या मंडळींनी केलं काय? ओळखायचं काम माणसाकडून काढून कॉम्प्युटरकडे दिलं. सगळी अक्कल कॉम्प्युटरच्या बाजूला ठेवली आणि उपकरण शक्य तितकं स्वस्त आणि गरीब ठेवलं. यूएसबीत उपकरण आपणहून तोंड उघडत नाही. माउस हलला तरी तो ओरडून सांगत नाही, कॉम्प्युटरच दर काही मिलिसेकंदांनी त्याला विचारतो, 'हललास का?' चार तारा: दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या. दोनाच्या जागी आणखी तारा आणि सर्किट घातली असती तर प्लग दोन्ही बाजूंनी बसला असता, पण खर्च वाढला असता. म्हणून तो एकाच बाजूने बसतो आणि आपण तो उलटा, सुलटा, परत उलटा करत बसतो. ही गैरसोय भट्टही मान्य करतात. खर्च वाढला असता तर मुळात ते कुणी स्वीकारलंच नसतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि एक मजेशीर गोष्ट. २००९ साली इंटेलने टीव्हीवर एक जाहिरात केली. त्यात अजय भट्ट एखाद्या रॉकस्टारसारखे ऑफिसात येतात आणि पोरी वेड्या होतात. पण जाहिरातीतले भट्ट हे भट्ट नव्हतेच, तो एक नट होता! सगळ्या जगातली यंत्रं एकमेकांना ओळखतील अशी सोय करणाऱ्या माणसाला कुणी ओळखत नव्हतं, हे किती छान.

प्लग लावल्यावर पहिल्या अर्ध्या सेकंदात

आता मुद्द्याचं. 'ओळख' ही नेमकी कशी होते? इंजिनिअर लोक याला एन्यूमरेशन म्हणतात. मी याला हॉलच्या दारावरचं स्वागत म्हणतो.

एक. यूएसबीच्या प्लगमध्ये विजेचे दोन पत्रे बोलण्याच्या दोन पत्र्यांपेक्षा किंचित लांब असतात. (हातातला पेन ड्राइव्ह नीट बघा, दिसेल.) म्हणजे आधी वीज पोहोचते, मग बोलणं. पाहुणा आला की आधी पाणी, मग चौकशी.

दोन. उपकरण दोन डेटा तारांपैकी एक तार दीड किलोओहमच्या रेझिस्टरने वर ओढतं. ही दारावरची टकटक. डी-प्लस ओढली तर 'मी १२ मेगाबिटवाला', डी-मायनस ओढली तर 'मी १.५ मेगाबिटवाला, कीबोर्ड-माउससारखा गरीब'. यूएसबीच्या पहिल्या आवृत्तीत हे दोनच वेग होते.

तीन. कॉम्प्युटर निदान शंभर मिलिसेकंद नुसता थांबतो, कारण प्लग आत जाताना पत्रे थरथरतात आणि टकटक दहा वेळा ऐकू येते. मग तो उपकरणाला रीसेट करतो. आता उपकरणाचा पत्ता शून्य. नवीन येणारा प्रत्येक जण आधी शून्यच असतो.

चार. कॉम्प्युटर शून्याला विचारतो, 'आपण कोण?' उपकरणाने अठरा बाइटांचं एक ओळखपत्र द्यायचं. त्यात सगळ्यात महत्त्वाचे दोन आकडे, कंपनीचा आणि उत्पादनाचा. कंपनीचा आकडा यूएसबीची संस्था वाटते. इंटेलने आपला आकडा घेतलाय ८०८६, त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचा. गाड्यांना व्हीआयपी नंबर घेणारे आपल्याकडेच असतात असं नाही :)

पाच. उपकरणाला १ ते १२७ मधला पत्ता मिळतो. सात बिटांत १२८ आकडे बसतात, त्यातला शून्य नवख्यांसाठी राखीव, म्हणून १२७.

सहा. मग सविस्तर चौकशी: काय काम करता, वीज किती लागेल? इथपर्यंत उपकरणाने १०० मिलिअँपियरच्या आतच राहायचं. परवानगी मिळाली तरच यूएसबी २.० मध्ये ५०० पर्यंत.

सात. आणि सगळ्यात शेवटी, हो, सगळ्यात शेवटी, ड्रायव्हर.

आता तो फुगा आठवा. दोन ते पाच यातली कुठलीही पायरी हुकली की कॉम्प्युटर दोन-तीनदा प्रयत्न करतो आणि मग तेच एक वाक्य बोलतो: ओळखलं नाही. तार तुटलेली असो, वीज कमी पडलेली असो, की आतली चिप मेलेली असो. तो नाव सांगू शकत नाही, कारण नाव कळण्याच्या आधीच गाडी अडकलीय. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंपनीच्या आकड्याच्या जागी नुसती शून्यं दिसतात. विंडोज तर वर कोड ४३ दाखवून म्हणतं की या उपकरणाने अडचण असल्याचं कळवलंय. अहो, त्याने काहीच कळवलं नाही, तीच तर अडचण आहे!

आणि मी त्या रात्री दोन तास काय करत होतो? सातव्या पायरीवर झाडू मारत होतो.

न ओळखण्याचा छोटासा इतिहास

एक समाधान एवढंच की मी एकटा नाही. यूएसबीचा पूर्ण इतिहासच न ओळखण्याचा आहे.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० आलं आणि पीसींच्या पाठीमागे ती चपटी भोकं दिसायला लागली. पण विंडोज ९५ ला त्यांचं करायचं काय हे माहीत नव्हतं. १९९७ मध्ये कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना मिळणाऱ्या एका आवृत्तीत जेमतेम सोय झाली. दोनेक वर्षं भोक होतं, पण पलीकडे दार उघडणारं कुणी नव्हतं. थट्टेने लोक त्याला 'यूसलेस सीरियल बस' म्हणायचे.

मग २० एप्रिल १९९८. शिकागोचं कॉमडेक्स प्रदर्शन, व्यासपीठावर बिल गेट्स. त्यांचा सहकारी ख्रिस कापोसेला येऊ घातलेलं विंडोज ९८ दाखवत होता. आता स्कॅनर नुसता लावला की विंडोज तो आपोआप ओळखेल, असं म्हणत त्याने यूएसबीची वायर लावली. आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळा स्क्रीन! हॉलभर हशा. गेट्सनी वेळ मारून नेली, म्हणाले की यासाठीच तर आम्ही अजून ते बाजारात आणलेलं नाही. सगळ्या जगासमोर, खुद्द मालकाच्या उपस्थितीत हे होऊ शकतं, तर साताऱ्यात मी कोण?

विंडोज ९८ त्याच जूनमध्ये आलं. ऑगस्टमध्ये ॲपलचा पहिला आयमॅक आला आणि त्याने एक धाडस केलं: जुनी पोर्टं काढूनच टाकली, फ्लॉपीही काढली. लोकांनी शिव्या घातल्या. पण त्यामुळे प्रिंटर-कीबोर्डवाल्यांना यूएसबीच्या वस्तू बनवाव्याच लागल्या. जुनं दार बंद झालं, तेव्हा कुठे लोक नव्या दाराने जायला लागले.

२००० च्या एप्रिलमध्ये ४८० मेगाबिटचं यूएसबी २.० आलं, आणि त्याच वर्षी आठ एमबीचे पहिले पेन ड्राइव्ह. पण विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह मुळातून माहीतच नाही, प्रत्येकाचा ड्रायव्हर सीडीवरून टाकायचा. म्हणजे फ्लॉपीला पर्याय म्हणून घेतलेल्या वस्तूसोबत सीडी बाळगायची! २००१ चं एक्सपी आलं तेही यूएसबी २.० शिवायच. ती सोय सगळ्यांपर्यंत पोहोचली २००२ च्या सर्व्हिस पॅक १ बरोबर.

पुढचे दोन किस्से मात्र माझ्या पिढीचे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला. त्यांच्या चिपच्या नकला बाजारात भरपूर होत्या. या ड्रायव्हरला नकली चिप सापडली की तो तिच्यातला उत्पादनाचा आकडाच पुसून शून्य करायचा. म्हणजे चौथ्या पायरीवरचं ओळखपत्रच कोरं! ज्यांनी ती वस्तू विकत घेतली त्यांना आत नकली चिप आहे हे माहीतही नव्हतं. आरडाओरडा झाला आणि कंपनीने ड्रायव्हर मागे घेतला. न ओळखणं ही चूक नसून शिक्षाही असू शकते, हे तेव्हा कळलं.

दुसरा किस्सा २०१५ चा. इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या चिपसेटमधून यूएसबी २.० चा जुना कंट्रोलर काढून टाकला, सगळी पोर्टं नव्या एक्सएचसीआय कंट्रोलरवर गेली. विंडोज ७ ला तो कंट्रोलर माहीत नाही. त्यामुळे नव्या मशीनवर विंडोज ७ टाकायला गेलं की इन्स्टॉलर भाषा निवडा म्हणायचा, आणि कीबोर्ड-माउस दोन्ही ठार मेलेले. इथे पाहुण्याची काहीच चूक नव्हती, दारावरचा माणूसच बदलला होता.

परत साताऱ्याला

रात्रीचे पावणेबारा. बाबांनी थर्मासमधला चहा ओतला. मी लॅपटॉप काढला. त्यावर लिनक्स आहे. सहज म्हणून डोंगल त्यात लावलं आणि जोडलेल्या उपकरणांची यादी बघितली. डोंगलचे दोन्ही आकडे समोर! ड्रायव्हर नाही, सॉफ्टवेअर नाही, पण चौथी पायरी पार. म्हणजे किल्ली जिवंत होती.

हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसता चष्मा पुसला.

म्हणजे घोटाळा डोंगलात नाही, ते आणि मशीन यांच्या मध्ये कुठेतरी. तेव्हा मी पहिल्यांदा टेबलाखाली वाकलो. सीपीयू आत भिंतीपाशी, वाकून हात पोहोचत नाही, म्हणून बाबांनी चार तोंडांचा एक स्वस्तातला हब टेबलावर आणून ठेवलेला. त्यात डोंगल. शेजारी मोबाइलची नुसत्या चार्जिंगची केबल. आणि त्याच्या शेजारी, मे महिना असल्यामुळे नवाकोरा, निळ्या पात्यांचा यूएसबी पंखा.

वरच्या सहाव्या पायरीत वीज विचारून घ्यायची असते, हे आठवतंय ना? वेगळी वीज नसलेल्या हबला कॉम्प्युटरकडून मिळतात ५०० मिलिअँपियर. त्यातले १०० स्वतःला ठेवून उरलेले चार तोंडांना प्रत्येकी शंभर, असा नियमाचा हिशोब. पण नियम बोलणाऱ्यांसाठी असतो. पंख्याला डेटाच्या तारा जोडलेल्याच नसतात. तो टकटक करत नाही, नाव सांगत नाही, परवानगी मागत नाही. सरळ पंगतीत बसतो आणि जेवायला लागतो. चार्जिंगच्या केबलचंही तेच. (फोन चार्जिंगसाठी वेगळे नियम आले २००७ साली, तोवर सगळं जग हे असंच ओढत होतं.) आणि खरं आमंत्रण घेऊन आलेलं बिचारं डोंगल उपाशीपोटी नाव सांगायला जायचं, आणि आवाजच फुटायचा नाही.

पंखा काढला, केबल काढली, डोंगल परत लावलं. टु-डुंग. सॉफ्टवेअर उघडलं. खात्री करायला पंखा परत लावला, डोंगल काढून घातलं: टुंग-टुंग-टुंग. पंखा काढला: टु-डुंग. बाबा म्हणाले, "पुरे आता, ठेव तसंच." मग डोंगल सरळ सीपीयूच्या मागच्या पोर्टात गेलं आणि पंख्याला भिंतीवर वेगळा चार्जर मिळाला.

तेव्हापासून कुणीही 'यूएसबी ओळखत नाही' म्हटलं की मी हा क्रम सांगतो. आधी हब, एक्स्टेंशन, पुढचं पोर्ट हे सगळं मधून काढा आणि मागच्या पोर्टात सरळ लावा. केबल वेगळी असेल तर ती बदला, अर्ध्या केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. मग तीच वस्तू दुसऱ्या मशीनवर लावून बघा. एवढ्यात कळतं की दोष वस्तूत आहे की मशीनमध्ये. मशीनमध्ये वाटला तर शटडाउन करून भिंतीवरचं बटण बंद करा आणि मिनिटभर थांबा, कारण बंद पीसीतही पोर्टांना थोडी वीज चालू राहू शकते. आणि मग, सगळ्यात शेवटी, डिव्हाइस मॅनेजर. तिथे नाव आणि आकडे दिसत असतील तर ओळख पटलेली आहे, ड्रायव्हर शोधा. कंपनीच्या जागी नुसती शून्यं दिसत असतील तर ड्रायव्हरच्या नादी लागू नका, तार आणि वीज बघा. पेन ड्राइव्ह ओळखला जातोय पण उघडत नाही, हा तिसराच आजार. तिथे विंडोज 'फॉरमॅट करू का?' विचारेल, आतलं काही हवं असेल तर 'हो' म्हणू नका.

रात्री सव्वाला पत्रिकेचं मॅटर तयार झालं. पंचवीसेक वर्षांपूर्वी ओळखायचं ओझं माणसाच्या डोक्यावरून उतरवलं गेलं, ही फार मोठी गोष्ट झाली. बाबांना आयआरक्यू आता आठवतही नाही. पण ते ओझं नाहीसं झालं नव्हतं, फक्त दिसेनासं झालं होतं. एक फुगा येतो आणि ते परत आपल्या डोक्यावर येतं, आणि तोवर आपण ते उचलायचं कसं हे विसरून गेलेलो असतो. मी तर शिकूनही विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी एक काम मला लावलं: वीस वर्षांच्या सगळ्या पत्रिका आणि अहवाल पीडीएफ करून ठेवायचे, आणि जमेल तेवढं मॅटर युनिकोडमध्ये आणायचं. एका पेराएवढ्या किल्लीवर किती दिवस विसंबायचं? निम्मं झालंय. उरलेलं गणपतीला गेलो की.

आणि हो, त्या पत्रिकेच्या लग्नाचं आमंत्रण बाबांना होतं. मी गेलो नाही. मला तिथे कोण ओळखतंय :)